कातरीचा वार

आमच्या घराची पुढची खोली पोत्यांची. लग्न होऊन आले तेव्हापासून बघत होते. पावसाळ्यात खताची पोती, दसऱ्यानंतर सोयाबीनची, मग छतापर्यंत कापूस. माणसं ओसरीत झोपायची आणि पोती खोलीत. त्या खोलीला रस्त्याच्या अंगाला दार आहे, मोठी खिडकी आहे, आणि दुपार कलली की खिडकीतून असा उजेड येतो की सुईत दोरा एका दमात ओवावा. तो उजेड युरियाच्या पोत्यांवर पडून वाया जातो, हे मला पहिल्या वर्षापासून खुपत होतं. पण नव्या सुनेनं उजेडाबद्दल बोलायचं नसतं, म्हणून गप्प होते.

मी बी.ए. आहे. हे मी सांगतेच, कुणी विचारलं नाही तरी. माझं माहेर केज तालुक्यात. आईवडील दर हंगामाला ऊस तोडायला जायचे, मी चुलत्याकडं राहून शिकले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील सही करतात ती चित्र काढल्यासारखी, जीभ दातात धरून. माझ्या पदवीचा कागद त्यांनी फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावला. पाहुणा आला की आधी पाणी, मग तो कागद, मग चहा.

कॉलेजला मी जीपनं जायचे. आमच्याकडच्या जीपमध्ये जागा संपते तेव्हा ती भरायला सुरुवात होते. मांडीवर कुणाचं तरी लेकरू, पायाशी कुणाची तरी कोंबडी, शेजारी दोन बायकांचं भांडण, टपावर पोरं. अशात मी नोट्स वाचायचे आणि त्या अशा पाठ व्हायच्या की आजही आठवतात. कॉलेजच्या लायब्ररीत मात्र, पंख्याखाली, शांत जागी, दुसऱ्या पानाला मान पडायची. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता. लागला असता तर पुढं एक अख्खा महिना वाचला असता.

शिवणकाम मी केजलाच शिकले, कॉलेज सुटल्यावर. लग्नात वडिलांनी पायमशीन दिली. सासर गेवराई तालुक्यात, तलवाड्यापासून जवळच्या गावात. तिथं ती मशीन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, पिठाच्या डब्याखाली गेली. म्हणजे डबा तिच्यावर ठेवायला सोयीचा पडायचा.

मग त्या जूनमध्ये आमच्या बचत गटाच्या बैठकीत शाळेचे हेडमास्तर आले. वस्तीवरची चौथीपर्यंतची शाळा. दरवर्षी पोरांचे गणवेश बाहेरून तयार यायचे, कुणाच्या बाह्या गुडघ्यापर्यंत, तर कुणाची पँट गुडघ्याच्या वर. हेडमास्तर म्हणाले, "ह्या वर्षी कापड आणून देतो. गटातली कुणी शिवून देईल का? पंधरा ऑगस्टला झेंड्याला पोरं नव्या कपड्यात पाहिजेत."

हात माझा आधी वर गेला, डोकं मागून आलं.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई शेंगा फोडत होत्या. मी त्यांना आत्या म्हणते. त्यांनी शेंग हातातच धरली.

"सगळ्या शाळेची?"

"हो."

"आन् शिवनार कुठं? माज्या चुलीवर बसून?"

मी म्हटलं, "पुढच्या खोलीत."

थोरले दीर ओसरीत मोबाईल बघत होते, ते उठून आतच आले. "खोलीत खत येनार हाय ह्या आठवड्यात. खत कुठं ठिवू? तुमच्या मशीनीवर?"

"भाऊजी, ओसरीत ठेवा ताडपत्री घालून."

"मंजी खत भिजलं तरी चालंल, पर टेलर मास्तर भिजला न्हाई पायजे!"

माझे मिस्टर भिंतीला टेकून हसत होते. त्यांची हीच मदत असते. शेवटी आत्यांनी शेंग फोडली आणि निकाल दिला. "झेंड्याच्या दिवशी सगळी पोरं हिच्या कापडात हुबी राह्यली, तर खोली हिची. एक जरी पोरगं जुन्या कापडात दिसलं, तर दुसऱ्या दिवशी पोती आत. मग पुन्ना खोलीचं नाव काढायचं न्हाई."

मी हो म्हटलं. मशीनीवरचा पिठाचा डबा मीच उचलून खाली ठेवला.

आता खोली मिळाली, कापडाचे तागे आले, आकाशी शर्टाचं आणि गडद निळं, पँटीचं आणि स्कर्टचं. पोरांची मापं शाळेत जाऊन घेतली. राहिलं फक्त काम. आणि कामाचं मला असं वाटायचं की मी शिकलेली आहे, तेव्हा काम शिकलेल्या माणसासारखं झालं पाहिजे. म्हणजे पद्धतशीर. मिस्टरांनी मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात कोट घातलेला एक माणूस सांगत होता, यशस्वी लोक पाचला उठतात, दार लावून एकटे बसतात, ठरावीक मिनिटं काम, मग पाच मिनिटं विश्रांती, आणि प्रत्येक कामाचा तास ठरलेला. मला ते इतकं पटलं की मी गेवराईहून जाड पांढरा कागद आणला, रंगीत पेनांनी वेळापत्रक केलं आणि खिडकीशेजारी चिकटवलं. पाच ते सहा कटिंग. सहा ते सात शर्टाची शिलाई. दुपारी दोन ते तीन कॉलर. तीन ते चार काज-बटण. फोनमध्ये गजर लावले. वेळापत्रक इतकं देखणं झालं होतं की शेजारच्या बायका बघायला आल्या. आत्यांनीही बघितलं. "ह्यात सयपाक कुठंय?" म्हणाल्या.

स्वयंपाक नव्हता त्यात. धुणंही नव्हतं.

पहाटे पाचला आमच्याकडं नळाला पाणी येतं. तेही एक दिवसाआड, आणि अर्धा तास. कोटवाल्या माणसाच्या घरी दिवसभर येत असणार. पाचचा गजर वाजला की मी हंडा घेऊन नळावर, आणि कटिंग वेळापत्रकात. सहानंतर धार काढायची, चहा, भाकरी. तरी मी दिवसात दोन-चार तास काढत होते. अडचण वेळेची नव्हतीच खरं तर. अडचण अशी की मी दार लावून आत बसले की माझं काही चालायचंच नाही. खडू घ्यायचा, ठेवायचा. एक बाही कापायची, तिच्याकडं बघत बसायचं. बाहेर ओसरीत कुणीतरी हसलं की कान तिकडं. काय झालं असेल? कोण आलं असेल? मग पाच मिनिटांची विश्रांती. आमच्या घरात सुनेची विश्रांती ही उभं राहून घ्यायची गोष्ट आहे. उठून आत गेले की जाऊबाई म्हणायच्या, "आलीसच तर भाजी तेवढी चीर." गेली ती विश्रांती, आणि तिच्यामागं पुढचा तासही गेला.

आणि एक खोड माझी. कापता कापता मशीन दिसली की मी तिच्यावर जाऊन बसते. शिवता शिवता बटणांचा डबा दिसला की बटणं लावते. गजर वाजला की अर्धी कॉलर तशीच टाकून काजाला हात. चार दिवसांनी खोलीत सगळं अर्धं होतं. अर्धे शर्ट, अर्ध्या पँटी, एका बाहीचे, बिनगळ्याचे. आत्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "हितं काय बाँब पडला व्हय?"

मला वाटलं, दोष माझा. मी आणखी पहाटे उठायला लागले, दाराला आतून कडी घालायला लागले. जुलै संपला तरी मुलींच्या स्कर्टचं कापड ताग्यातच गुंडाळलेलं. ओसरीत खताची पोती आली होती, ताडपत्रीखाली. येता-जाता थोरले दीर त्यांना ठेचकाळायचे आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे, "आगं आई गं! खोली आसूनशानी वनवास!"

श्रावण लागला. मग मी ठरवलं, एक अख्खा मोकळा दिवस धरायचा आणि राहिलेलं सगळं कापून टाकायचं. मोकळा दिवस कुठला? मिस्टरांना विचारलं. ते म्हणाले, "पुढल्या आठवड्यात एक दिवस शेताचं काम न्हाई, सगळे घरीच हावोत. बाईपन येनार हाय पालीहून." बाई म्हणजे माझी नणंद, पालीला दिलेली. म्हणजे स्वयंपाकाला एक हात जास्त. मोबाईलवर बघितलं तर तिथंही सुट्टी, कशाची ते वाचलंच नाही. मी वेळापत्रकावर त्या दिवशी लाल पेनानं मोठं लिहिलं, कटिंग.

त्या दिवशी सकाळीच मी खोलीत गेले. सतरंजी अंथरली. निळं कापड पसरलं, त्यावर हात फिरवून सुरकुत्या काढल्या. मोठी कातर उचलली, बोटं घातली. तेवढ्यात दारात आत्या. अंगावर काठपदराचं लुगडं, हातात लाह्यांचं ताट.

"काय करायलीस गं?"

"कटिंग करायलेय आत्या. आज सगळे घरी आहेत, म्हणून आजचाच दिवस धरला."

"सगळे घरी कावून हायेत?"

मी वेळापत्रकावरच्या लाल अक्षरांकडं बघितलं.

"शेतात औत कावून न्हाई आज? माज्या हातात ताट कावून हाय? बोल की!"

नागपंचमी होती. आता बाहेरच्यांना सांगते, नागपंचमीला आमच्याकडं काही कापत नाहीत, चिरत नाहीत, खणत नाहीत. शेतात औत नाही, चुलीवर तवा नाही, घरात विळी-कातर नाही, सुई सुद्धा कशात टोचत नाहीत. न जाणो, कुठल्या तरी नागाला इजा व्हायची. म्हणून तर सगळे मोकळे होते! मी शेतात राबणाऱ्याची लेक, शेतकऱ्याची सून, आणि वर्षातल्या ज्या एका दिवशी कातरीला हात लावायचा नाही, नेमका तोच दिवस कटिंगला शोधून काढला होता. मागून मिस्टर येऊन उभे राहिले. "बी.ए.च्या पुस्तकात नागपंचमी नव्हती का गं?"

"तुम्हीच सांगितलं ना, काम नाही म्हणून!"

"मी आपलं काम न्हाई सांगितलं. कावून न्हाई ते तुला ठावं आसंल म्हनलं."

मी नागाला घाबरते का? तसं काही नाही. पण ज्या घरात खोलीसाठी भांडले, त्या घराच्या सणाच्या दिवशी कातर चालवणं मला शोभलं नसतं. कातर ठेवली. आत्यांनी ती स्वतः उचलून ट्रंकेत टाकली, सुयांची डबीही टाकली, आणि झाकण लावून ट्रंकेवर बसल्या. मी मनात दिवस मोजले. झेंड्याला आठवडा राहिला होता, आणि हा एक दिवस हातचा गेला.

आम्ही वारुळाला जाऊन आलो. पुरणाची दिंडं उकडली. दुपारी गल्लीतल्या बायका, माहेरवाशिणी, सगळ्या आमच्या ओसरीत, पण ओसरीत खताची पोती. बसायला जागा नाही. म्हणून सगळ्या उठून पुढच्या खोलीत आल्या, आणि माझ्या निळ्या कापडाच्या कडेकडेनं बसल्या.

नणंद मोठ्या तोंडाची, मनाचीही मोठी. म्हणाली, "वैनी, हे काय तळं भरून ठिवलंय?"

मी सांगितलं. पंधरा ऑगस्टचंही सांगितलं, पोत्यांचंही. ती आईकडं वळली. "आये, कापायचं न्हाई, टोचायचं न्हाई. मग इस्त्री चालती का? शिवलेले शर्ट हायेत की ते."

झालं. इस्त्री तव्यात धरायची की नाही, ह्यावर तिथं जो वाद झाला तो ग्रामसभेत होत नाही. एक म्हणाली, खालून तापतं ते सगळं तवाच. दुसरी म्हणाली, मग उन्हात तापलेला पत्रा बी तवाच का? तिसरीनं विचारलं, इस्त्रीवर भाकर भाजती का? आत्यांनी ट्रंकेवरून निकाल दिला. "इस्त्री काय तवा न्हाई. पर आज तापवताच कावून?"

"आन् खडू?" मी विचारलं. माझ्या तोंडून आपोआप गेलं. "नुसतं आखलं तर?"

"खडूनं काय कापतंय व्हय? आखा की."

मी गुडघ्यावर बसले. जाऊबाईंनी कापडाचं एक टोक धरलं. नणंदेनं मापांचा कागद घेतला आणि जत्रेत माईकवर बोलतात तशी एकेका पोरीचं माप ओरडून सांगायला लागली. कंबर, उंची. प्रत्येक पोरीबरोबर तिच्या आईबापाची टीका मोफत. "ही बग, कंबर बापावर गेलीय." "उंची दोन बोटं जास्त ठिव, ती बाभळीसारकी वाढायलीय." पोरींच्या आया तिथंच बसलेल्या, त्याही ऐकून घेत नव्हत्या. कुणी नागाचं गाणं म्हणत होतं, कुणी दिंडं खात होतं, एकीचं तान्हं कापडावर रांगत आलं तर त्याला उचलून पलीकडं ठेवलं. आणि माझा खडू पळत होता. कुठं थांबायचं नाही, कुठं पुन्हा मोजायचं नाही. मशीनीवर बसायची सोय नव्हती. कातर ट्रंकेत, ट्रंकेवर आत्या. हातात एकच वस्तू होती, खडू.

दिवेलागणीला बायका पांगल्या तेव्हा मुलींचे सगळे स्कर्ट आखून झाले होते. मुलांच्या राहिलेल्या पँटी पण. कापड नकाशासारखं दिसत होतं. मी मोकळ्या खोलीत बसले आणि मला हसू फुटलं. म्हणजे इतके दिवस मी दार लावून जे शोधत होते, ते दार उघडल्यावर आत आलं होतं. मी जीपमध्ये बी.ए. झालेली बाई. मला शांतता देऊन काय उपयोग? आणि दुसरं, माझं मन मोकाट आहे, त्याला घड्याळानं दावं बांधता येत नाही. पण समोर एकच हत्यार ठेवलं तर ते जाईल कुठं?

हे मला कुणी सांगितलं नाही. आत्या तर फक्त ट्रंकेवर बसल्या होत्या. हे माझं मला उमगलं, आणि त्याचा मला पदवीइतकाच अभिमान आहे.

दुसऱ्या दिवशी पारख झाली. मी फक्त कातर बाहेर काढली. जाऊबाईंना वाटलं पोरं आत येऊन त्रास देतील, म्हणून त्यांनी माझ्या भल्यासाठी दार ओढून घेतलं. जरा वेळानं बघते तर माझा हात मंदावलेला. उठून दार सताड उघडलं. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला, समोरची शेजारीण दारात येऊन सुनेबद्दल बोलायला लागली, आणि कातर पुन्हा खसाखस चालायला लागली.

मग मी माझी पद्धत बसवली. तास काढून टाकले, वार ठेवले. आखणीचा वार, कातरीचा वार, मशीनचा वार, हाताचा वार, म्हणजे हातशिलाईचा. ज्याचा वार तेच हत्यार बाहेर, बाकी सगळं ट्रंकेत, आणि ट्रंकेची चावी जाऊबाईंकडं, म्हणजे अक्कांकडं. मशीन ट्रंकेत बसत नाही, म्हणून तिच्यावर चादर आणि चादरीवर पुन्हा तो पिठाचा डबा. मला माझी खोड माहीत होती. कातरीच्या वारी संध्याकाळी मी लाडात गेले होते, "अक्का, एकच शिलाई मारू द्या, हात शिवशिवतोय."

"कोनता वार हाय आज?"

"कातरीचा."

"मग शिवशिवू दे. चावी न्हाई." अक्कांना आयुष्यात पहिल्यांदा कुणावर तरी हुकूम गाजवायला मिळाला होता, त्या सोडतात कशाला!

दिवस कधी संपवायचा तेही घड्याळानं नाही. डेअरीची गाडी चौकात हॉर्न वाजवते. हॉर्न वाजला की जे हातात आहे तेवढं पुरं करायचं आणि उठायचं. आणि खोलीत येऊन बसेल तिनं हात रिकामा ठेवायचा नाही, एवढा एक नियम. त्याला कुणाची ना नव्हती. आमच्याकडं बाई बसली तरी तिचे हात बसत नाहीत. वाती वळतील, शेंगा फोडतील. त्यांच्यापुढं मी सुटे दोरे कापायला शर्ट टाकले, कापलेल्या तुकड्यांच्या जोड्या लावायला दिल्या. वेळापत्रकाचा कागद चांगला जाड होता. त्याच्या पाठीवर कॉलरचा नमुना काढला आणि कापून घेतला. कोटवाल्याचं सगळंच काही मी टाकलं नाही. काम करताना फोन लांब ठेवा, हे त्याचं खरं होतं. माझा फोन ज्वारीच्या कणगीवर जायचा.

पद्धत माझी होती, म्हणून तिच्यातली चूकही माझ्याच ऐटीत झाली. मशीनच्या वारी गल्लीत एका लग्नाचं जमलं-मोडलं अशी बातमी आली. मी ऐकत होते आणि बाह्या जोडत होते, ऐकत होते आणि जोडत होते. एक गठ्ठा झाल्यावर अक्कांनी एक शर्ट उचलून धरला.

"आगं, ह्याचे हात मागं गेलेत."

सगळ्या गठ्ठ्याचे गेले होते. डावी उजवीकडं, उजवी डावीकडं. एकेक शर्ट शिवत असते तर एकच चुकला असता. इथं चूक पण वारानं झाली होती. नणंद, जी अजून पालीला परत गेली नव्हती, ती तो शर्ट अंगापुढं धरून उलट्या हातानं सलाम करायला लागली. "झेंड्याला आसं करायचं का?" हसता हसता मला रडू आलं आणि रडता रडता हसू. मग सगळ्यांनी मिळून शिलाया उसवल्या. त्या दिवसापासून पद्धतीत एक गोष्ट वाढली. पहिला नग कुठल्याही पोराच्या अंगावर घालून बघायचा, मगच बाकीचे.

त्या उसवण्यात दिवस गेला, तो भरून काढता येईना. शेवटचा दिवस हाताचा वार होता, आणि काजं-बटणं अजून ढीगभर. सकाळी मी दार उघडलं तर पायरीवर आत्या, चष्मा लावून. आत येऊन बसल्या, सुई घेतली, दोरा मला ओवायला दिला. मी ओवून दिला. थोड्या वेळानं गल्ली जमली. त्या दिवशी कुणी गाणं म्हटलं नाही, लग्नाच्या बातमीचं पुढं काय झालं तेही कुणी विचारलं नाही. पण खोली भरलेली होती, आणि मला तेवढं पुरत होतं. दुपारी थोरले दीर डोकावले. "अजून किती?"

"बटनं लावता येत्यात का तुला?" आत्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मग चहा आन समद्याला."

डेअरीच्या गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा अक्का शेवटच्या शर्टाचा दोरा दातानं तोडत होत्या. मी उठले. पहिल्यांदाच हॉर्न वाजताना माझ्या हातात काही नव्हतं.

झेंड्याला मी इस्त्रीची साडी नेसून गेले. आत्या कधी शाळेकडं फिरकत नाहीत, त्या दिवशी आल्या. वारुळाला नेसलेलं तेच काठपदराचं लुगडं. पोरं रांगेत उभी होती, आकाशी आणि निळी. सकाळच्या उन्हात ती रांग अशी दिसत होती की मला कुणाचंच तोंड दिसेना, नुसत्या कॉलरी दिसत होत्या, सगळ्या बसलेल्या, सगळ्या सरळ. आत्या रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या. एकेक पोराला न्याहाळलं. एकाला थांबवून बाही ओढून बघितली. एका पोरीला गोल फिरायला लावलं. हेडमास्तरांना वाटलं वरून कुणी तपासणीला आलं की काय, ते हात जोडून मागं मागं. पहिलीतलं एक पोरगं मात्र जुन्या सदऱ्यात, रांगेच्या मागं उभं.

"हे कुनाचं?" आत्या म्हणाल्या.

त्याची आई धावत आली, पिशवीतून नवा शर्ट काढत. "आलेच की! चिखलात लोळंल म्हनून नवा आता घालायलेय." तिनं तिथंच सगळ्यांसमोर त्याचा सदरा बदलला. पोरगं लाजून रडायला लागलं, पण शर्ट अंगात नीट बसला. झेंडा वर गेला.

घरी आलो तर थोरले दीर ओसरीत पोत्यांजवळ उभे. पाऊस दाटला होता. ताडपत्रीचं एक टोक उचलून त्यांनी आत्यांकडं बघितलं.

"मग? कुठं टाकू?"

आत्यांनी पायातल्या चपला काढल्या, पदरानं तोंड पुसलं. "गोठ्याच्या अंगाला पत्र्याचं शेड मार. चार पत्रे पडलेत की मागं."

"आन् खोली?"

"खोली गुतलीय," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन फाटलेली आपली एक चोळी घेऊन आल्या. माझ्या हातात दिली. "हातशिलाईचा वार कधी हाय तुजा? घाई न्हाई. तुज्या वारानं कर."

थोरले दीर पत्रे बघायला मागं गेले. मी खोलीत जाऊन खिडकी उघडली, चोळी मशीनीवर ठेवली, आणि दारात आलेल्या समोरच्या शेजारणीला म्हटलं, "या की आत. उभ्या कशाला?"